मानपत्रांचा मे महिना

अन्याय शैलाताई पगारे यांच्यावर झाला. मागच्या वर्षी, एकतीस मेला, दुपारी चार वाजता, नाशिकरोडला आमच्या छापखान्यात. ओरडणारा एक होता, मान खाली घालून ऐकणारी एक होती, आणि खरं काय ते ठाऊक असून कागदाचे गठ्ठे सरळ करत उभी राहिलेली मी होते. मी पत्रकं लिहिणारी मुलगी. कोणावर, कधी, कुठे हे आधी सांगायचं आणि मग बाकीचं, एवढंच मला येतं.

आता पुन्हा मे आलाय. छापखान्यासमोरच्या गुलमोहरानं उभ्या स्कुटरांच्या सीटा लाल करून टाकल्यात. स्टेशनबाहेर पेठकडच्या बायका पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्यात. आणि घामानं निथळणारी माणसं लोकरीच्या शाली विकत घेतायत. ज्या उन्हात रुमालसुद्धा नको वाटतो त्या उन्हात शाल हातावर पसरून, 'जरा भारीतली दाखवा' म्हणणारी माणसं फक्त याच महिन्यात दिसतात.

कारण सोपं आहे. आपल्याकडे शाळेत नाव घालताना ज्या पोराची जन्मतारीख आईलाही सांगता यायची नाही, त्याला गुरुजींनी एक जून देऊन टाकला. पाऊस कधी पडला होता, शेजारच्या म्हशीला पारडू कधी झालं होतं, असल्या खुणांवर जन्मलेली माणसं कागदावर एकाच दिवशी जन्मली. मग नोकरीला लागली, आणि एकाच दिवशी निवृत्त व्हायला लागली. एकतीस मे. शिक्षक, शिपाई, लाइनमन, नर्सबाई, सगळे एकाच दुपारी. जेवढे हॉल तेवढे सत्कार, जेवढे सत्कार तेवढी मानपत्रं. आणि मानपत्र कोणीतरी लिहावं लागतं.

आमच्याकडे ते शैलाताई लिहायच्या. बावीस वर्षं.

नाशिकरोडला नुसतं 'प्रेसमध्ये आहे' म्हटलं की लोकांना नोटांचा कारखाना वाटतो, म्हणून आम्ही छापखाना म्हणतो. मालक मुनीरभाई. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स आणि मे महिन्यात मानपत्रं. मी तिथे गेले ते माझ्या संघटनेची पत्रकं छापायला. मुनीरभाईंनी मजकूर वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "लीडर, तुम्ही लिहिता जोरदार. पण सगळ्यांवर चिडूनच लिहिता. थोडं कौतुक शिका आमच्या शैलाबहेनकडून." तेव्हापासून मी लीडर, आणि शैलाताईंच्या टेबलासमोरचं टेबल माझं.

ताईंची एक रीत होती. अर्धा तास. ज्याचं मानपत्र, त्याच्यासमोर किंवा त्याच्या घरच्या कोणासमोर अर्धा तास बसल्याशिवाय त्या पेन उचलायच्या नाहीत. कार्यालयातून येणारे लोक वैतागायचे. "ताई, कशाला? मागच्या वर्षीचंच टाका, नाव बदला." ताई पाण्याचा ग्लास पुढे करायच्या. "बसा. नाव बदलून माणूस बदलत नाही, साहेब."

त्या अर्ध्या तासात त्या कर्तृत्व वगैरे विचारायच्या नाहीत. डब्यात काय आणता, घरी गेल्यावर पहिलं काय करता, असलं विचारायच्या. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातला एक ऑपरेटर असाच बसला होता. ताईंनी विचारलं, घरी गेल्यावर पहिलं काय करता? तो म्हणाला, काही नाही, अंगणात कपडे काढतो, आंघोळ करतो, मग पोरीला उचलतो. कोळसा असतो ना अंगावर. ताईंनी तेवढंच लिहिलं. सत्काराच्या दिवशी ते वाक्य वाचलं गेलं तेव्हा तो माणूस नाही रडला, त्याची पोरगी रडली. तिला तोवर वाटायचं, बाबा आल्या आल्या जवळ का घेत नाहीत?

दुसरी एक टायपिस्ट बाई. साहेब कधीही हाक मारील म्हणून नोकरीभर तिनं डबा टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून खाल्ला होता. चाहूल लागली की ड्रॉवर बंद. ताईंनी मानपत्रात शेवटी लिहिलं, 'आता डबा टेबलावर ठेवून, सावकाश जेवा.' वाचून बाई म्हणाली, "एवढं खरं लिहायचं नसतं हो." आणि तोच कागद फ्रेम करून घेऊन गेली.

या कामाचा ताण बाहेरून दिसत नाही. पोतं उचलणाऱ्याचा खांदा दिसतो. पण दिवसाला सात माणसांवर जीव लावायचा, सातही खरे वाटले पाहिजेत, आणि आठव्याला पहिल्याचं उष्टं वाक्य द्यायचं नाही, हे ओझं कुठे दाखवणार? वीस तारखेनंतर ताईंचा उजवा खांदा आखडायचा. जेवण जायचं नाही. विशेषणं संपायची. "अजातशत्रू हा शब्द मी मेमध्ये कुलपात ठेवते," त्या म्हणायच्या. "एकाला दिला की सगळे मागतात. आणि ज्याला दिला त्याचे शत्रू पहिल्या रांगेत बसलेले असतात."

फार झालं की त्या खोटी मानपत्रं लिहायच्या. तोच त्यांचा इलाज. प्रूफाच्या पाठकोऱ्या कागदावर, आमच्या टेबलफॅनला: 'आपण आयुष्यभर सर्वांना डावीकडून उजवीकडे मान हलवून नकारच दिलात, तरी आपल्यासमोरून उठायला कोणी तयार नाही, हेच आपल्या लोकप्रियतेचे गमक होय.' कटिंग मशीनला: 'आपल्या धारदार स्वभावामुळे अनेक जण आपल्यापासून चार बोटे दूर राहिले.' मोठ्यानं वाचायच्या, मुनीरभाई हसून हसून खोकायचे, ताई तोंडावर पाणी मारून पुढचा कागद ओढायच्या. ताणाचं नियोजन म्हणून आता जे काही शिकवतात त्यात हे कुठेच नाही.

मग मी शहाणपणा केला. मागच्या वर्षी ऑर्डरी इतक्या झाल्या की माणसं टेबलापर्यंत पोचेनात. मी मोबाइलवर एक फॉर्म काढला. नाव, पद, रुजू दिनांक, पत्नीचं नाव, मुलं, छंद. कार्यालयांनी भरून पाठवायचा, आम्ही त्यावरून लिहायचं. ताईंनी फॉर्म पाहिला आणि म्हणाल्या, "यात माणूस कुठे बसतो गं?" मी म्हणाले, "ताई, टाइम नाहीये. एवढा मे काढू, मग बघू." मी फोनवर सगळ्यांना सांगत सुटले, हो, होईल, हो, संध्याकाळपर्यंत, हो, अर्जंट करतो. 'करतो' म्हणायची मी, करायच्या त्या.

आणि त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर काय होतं? कंत्राटी सफाई कामगारांचं पत्रक. मथळा: आठ तासांच्या वर एक मिनिटही नाही! तो मथळा मी लिहीत होते, आणि समोर ताई सकाळी आठपासून बसलेल्या होत्या. मान वर केली असती तर दिसल्या असत्या.

तीस मेला सकाळी अकराच्या सुमाराला छापखान्याचा फोन वाजला. मी घेतला. आत कटिंग मशीन धपधप करत होतं.

"ताई, मी संगीता बोलते. रामभाऊ बोराड्यांची पोरगी. उद्या बाबांचा सत्कार हाय."

"हो, बोला पटकन."

"आमची आई होळीच्या आधी गेली. हाफिसच्या कागदावं तिचं नाव तसंच असल, सौ. म्हणून. तेवढं बदला ना. बाबा लय मऊ हाय, ताई."

"हो हो, करते," मी म्हणाले. पत्रकाच्या कच्च्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'बोराडे. आई नाही.' तेवढ्यात दुसरा फोन आला. तो ठेवला आणि पत्रकाचा कागद घडी करून आत छपाईला दिला. कोपऱ्यासकट.

रामभाऊ बोराडे शिपाई होते. कुठल्या कार्यालयात, ते सोडून द्या. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणारी माणसं सगळीकडे सारखीच असतात. त्यांचा सत्कार पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या एका हॉलमध्ये होता. दरवर्षी ताई एक तरी सत्कार मागच्या रांगेत बसून ऐकायच्या. मागच्या वर्षी त्यांनी हाच निवडला, आणि मला सोबत घेतलं. का विचारलं तर म्हणाल्या, "या माणसाला मी भेटले नाही. निदान बघून तरी येते."

हॉलमध्ये गुलाबपाणी, घाम आणि गरम समोसे यांचा मिळून एक वास होता. माइकवर कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. स्टेजवर रामभाऊ, बारीक अंगाचे, गळ्यात हार, खांद्यावर मरून शाल, दोन्ही हात कुठे ठेवावेत न कळून पोटाशी धरलेले. साहेबांनी मानपत्र वाचायला घेतलं. छान वाचत होते. आणि ताईंचं वाक्य आलं: 'आपल्या वाटचालीत सौ. कमलताई सावलीसारख्या सोबत चालल्या. आता त्या सावलीत दोघांनी निवांत बसावे, असे दिवस आले आहेत.'

परिच्छेद संपला म्हणून सवयीनं टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत एका बाईनं पदर तोंडात कोंबला. ती संगीता असणार. आणि स्टेजवर रामभाऊ किंचित डावीकडे सरकले. म्हणजे शेजारी कोणी उभं राहणार असेल तर आपण जेवढं सरकतो, तेवढेच.

मी अजूनही कुठल्याही कार्यक्रमात स्टेजकडे सरळ बघू शकत नाही.

साहेबांना कोणीतरी कानात सांगितलं. त्यांनी पुढचं भराभर वाचलं. ताईंनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. परतताना रिक्षा द्वारकेच्या सिग्नलला थांबली. बसचा धूर, हॉर्न, समोर उन्हात हलणारा डांबरी रस्ता. ताईंनी विचारलं, "आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं ना गं?"

मी म्हणाले, "नाही."

चार वाजता कार्यालयातले मोठे बाबू छापखान्यात आले. हातात तेच मानपत्र, फ्रेमसकट. त्यांनी ते काउंटरवर आपटलं.

"कोण लिहितं हे? माणसाची बायको जाऊन तीन महिने झाले, आणि तुम्ही तिला सावलीत बसवताय? झोपेत लिहिता का?"

"फॉर्म तुमच्याकडून आला होता, साहेब," ताई म्हणाल्या.

"फॉर्म काय फॉर्म! लेखिका तुम्ही ना? एक फोन करता येत नाही? आमची अब्रू गेली सगळ्यांपुढे."

रामभाऊंचं काय गेलं, ते त्यांनी विचारलं नाही. अब्रू मात्र बाबूंची गेली होती.

मुनीरभाईंनी ताईंकडे बघितलं. चांगला माणूस, पण गिऱ्हाईक समोर उभं होतं. "शैलाबहेन, एक फोन तर करायचा होता," ते हळू म्हणाले. दोन गिऱ्हाइकं पत्रिका निवडता निवडता वर बघायला लागली. ताईंनी माझ्याकडे नुसतं एकदा पाहिलं. मी गठ्ठ्याच्या कडा जुळवत होते. आधीच जुळलेल्या होत्या.

"चूक माझीच," ताई म्हणाल्या. "मी विचारायला हवं होतं."

मोर्च्यात पोलिसांपुढे माझा आवाज फुटला नाही असं कधी झालेलं नाही. सभेत मी मोठमोठ्या माणसांना नाव घेऊन जाब विचारलाय. त्या दुपारी मला पाच शब्द बोलायचे होते. फोन मी घेतला होता, साहेब. एवढेच. ते पाच शब्द माझ्याच्यानं झाले नाहीत.

त्यानंतर ताई तीन आठवडे छापखान्यात आल्या. वेळेवर यायच्या, कागद समोर घ्यायच्या, पेनाचं टोपण काढायच्या. वर नाव लिहायच्या. 'श्री.' आणि पुढे नाव. मग काही नाही. जूनच्या पावसाची झोड बाहेर पत्र्यावर वाजत असायची, आत ताई बसलेल्या. पंखा मान हलवत असायचा, त्याच्यावरही काही लिहायच्या नाहीत. मी धास्तावले. धास्तावले की मी कार्यक्रम आखते. कामाच्या ताणावर एका समुपदेशकाचं व्याख्यान होतं, तिथे त्यांना नेलं. त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली. कामांची यादी करा, नाही म्हणायला शिका, चार आकडे मोजत श्वास घ्या, चार मोजत सोडा. ताई शहाण्या मुलीसारख्या मांडीवर हात ठेवून श्वास घेत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "श्वास येतोय गं. वाक्य येत नाही."

चौथ्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. मुनीरभाई दोनदा घरी जाऊन आले. "म्हणतात, हात दुखतो," त्यांनी सांगितलं, आणि ताईंच्या टेबलावर पत्रिकांचे नमुने मांडले.

म्हणून या मेमध्ये मानपत्रं मी लिहितेय. फॉर्म मी फाडला. लोकांना अर्धा तास बसवते, पाणी देते, डब्याचं विचारते. नाही म्हणते, बऱ्याच जणांना म्हणते. खांदा माझाही आखडतो. पण 'सौ.' लिहायची वेळ आली की पेन थांबतं, आणि मी घरी फोन करून विचारते, आहेत ना? परवा एका बाईंनी फोनवरच खडसावलं, "मीच बोलतेय! काय इच्छा आहे तुमची?" ताई असत्या तर यावर अर्धा दिवस हसल्या असत्या. मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन उभी राहिले.

मागच्या रविवारी मी ताईंच्या घरी गेले. जेलरोडला कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहतात त्या. गॅलरीतून लांबवर एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात. ताई विळीवर कैऱ्या चिरत होत्या. सगळ्या घराला कैरीचा आंबट वास. "जयभीम, ये," म्हणाल्या. "बारीक झालीस. मे चाललाय ना?"

मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा बोलले नसते.

"ताई, संगीताचा फोन आला होता. आदल्या दिवशी. मी घेतला होता. मी तुम्हाला सांगायची विसरले, आणि नंतर खोटं बोलले."

विळी थांबली नाही. कैरीची एक फोड, दुसरी फोड.

"माहितीय," ताई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यात मी रामभाऊंकडे गेले होते, माफी मागायला. पोरगी म्हणाली, ताई, मी तर फोन केलता, एका पोरीनं उचलला, हो हो म्हणली." त्यांनी कोय काढून बाजूला ठेवली. "रामभाऊ म्हणाले, जाऊ द्या, वाक्य चांगलं होतं."

"मग मला विचारलं का नाहीत? ओरडायचं तरी माझ्यावर."

"विचारायचं कशाला? तू सांगशील म्हणून वाट बघत होते." आता त्यांनी वर पाहिलं. "तीन आठवडे रोज येऊन बसत होते ना समोर. तुम्हाला वाटलं मला लिहायला सुचत नाही म्हणून बसलेय. तू मला श्वास घ्यायला घेऊन गेलीस."

त्यांनी पुढची कैरी विळीवर धरली.

"चुका काय कमी झाल्या माझ्याकडून एवढ्या वर्षांत? एकदा तर जिवंत माणसाला कैलासवासी केलं होतं, तो स्वतः पेढे घेऊन आला. चुकीनं कोणी लिहायचं थांबत नाही, पोरी. पण त्या दिवशी त्या खोलीत माझ्या बाजूनं बोलणारं कोणी नव्हतं. तिथेच बसून दुसऱ्याच्या कौतुकाची वाक्यं कुठून आणायची, सांग."

मी म्हणाले, चला परत, मी सगळ्यांसमोर सांगते, मुनीरभाईंना सांगते, त्या बाबूच्या कार्यालयात जाऊन सांगते. ताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सांग. तुझ्यासाठी सांग. माझं आता नाही जमत. खरंच नाही जमत गं." रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी मी मुनीरभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "लीडर, ये बात उस दिन बोलनी थी." मंगळवारी त्या कार्यालयात गेले. मोठे बाबूसुद्धा निवृत्त झाले होते. त्यांच्या खुर्चीवरच्या माणसाला मी काय सांगतेय तेच कळेना. म्हणजे वर्षभर उशीर केला तर चूक कबूल करायलाही माणूस मिळत नाही. ज्यांच्यासमोर ताईंना बोल लागले ती पत्रिका निवडणारी माणसं मी कुठे शोधू?

ताणावर लिहा, असं मला एका मासिकानं सांगितलं, म्हणून हे लिहायला बसले. उपाय लिहिणार होते. पाणी प्या, पाठ ताठ ठेवा, मोबाइल लांब ठेवा. ते सगळं करा, माझी हरकत नाही. पण शैलाताई पगारे कामानं मोडल्या नाहीत. सहा-सात माणसांवर रोज जीव लावणारी बाई आणखी दहा मे लिहीत बसली असती. तिला आम्ही एकटीला उभं केलं, आणि मग तिला श्वास घ्यायला शिकवलं.

तुम्ही हे वाचताय, तर तुमच्याही कचेरीत, शाळेत, दुकानात, तुमच्या वाटणीचे बोल ऐकून घेतलेलं कोणीतरी आहे. तुम्हाला नाव आठवलंय. वाचता वाचताच आठवलंय. मेसेज करू नका. भेट पाठवू नका. ते माणूस अजून त्या खोलीत येऊन बसतंय तोवर उठा, त्याच खोलीत जा, सगळे असताना उभे राहा, आणि मोठ्यानं सांगा की चूक माझी होती. उद्या नाही. आज.